मेंतावाईला सर्फिंगला जाताय? बोटीवर नको, गावात राहा

मेंतावाई बेटं इंडोनेशियात, सुमात्राच्या पश्चिमेला. क्वालालंपूरहून पडांगला विमान, तिथून फास्ट बोटीने सिपोरा बेटावरचं तुआपेजात, चारेक तास. व्हिसा ऑन अरायव्हल मिळतो, सीझन एप्रिल ते ऑक्टोबर. एवढं झालं की खरा प्रश्न, राहायचं कुठे?

बरेच लोक चार्टर बोट घेतात, म्हणजे दहा-बारा दिवस बोटीवरच खायचं-झोपायचं, लाट दिसली की उडी. १९९० च्या दशकापासून हेच चाललंय आणि गोची अशी की तांदळापासून बिअरपर्यंत सगळं पडांगहून भरून येतं, मालक बहुतेक बाहेरचा, नि ज्या गावासमोर तुम्ही लाटांवर मजा मारता त्या गावाच्या हातात जवळजवळ काहीच पडत नाही. म्हणून तर २०१६ मध्ये तिथे सर्फ टॅक्स लागला, तेव्हा १५ दिवसांना १० लाख रुपिया (दचकू नका, आपले पाचेक हजार). आताचा रेट निघायच्या आधी विचारून घ्या, भरा, पावती जपून ठेवा. यात कंजूसपणा करू नका राव.

त्यापेक्षा कातिएतसारख्या गावात लॉसमेन बघा, म्हणजे साधं गेस्टहाऊस. लान्सेस राइट ही जगप्रसिद्ध लाट गावाच्या अगदी समोरच आहे. एसीबिसी विसरा, भात-मासे खायची तयारी ठेवा, पण गावातल्याच कुणाचं लॉसमेन आहे ना हे आधी विचारा, नाहीतर पैसे पुन्हा बाहेरच. पाण्यात गावातली पोरं असतील तर त्यांच्या लाटेत घुसायचं नाही, थँक्यूला ‘मासुरा बगाता’ म्हणा, खूश होतात.

मलेरियाचं जायच्या आधीच डॉक्टरांना विचारा. तिथे सर्फिंगला आलेल्या एका न्यूझीलंडच्या डॉक्टरने गावातला मलेरिया बघूनच २००० साली सर्फएड संस्था काढली, यावरून काय ते समजा. आणि पोचल्या पोचल्या उंचावर जायची वाट बघून ठेवा. ऑक्टोबर २०१० मध्ये भूकंपाचा धक्का तसा मंदच जाणवला, लोक पळाले नाहीत, मागून सुनामी आली आणि ४०० हून जास्त माणसं गेली. हलकासा का होईना, पण धक्का लांबला तर बोर्ड टाकून पळायचं.

प्लास्टिक, बॅटऱ्या, सनस्क्रीनच्या बाटल्या परत पडांगला आणा, बेटावर त्या जाळतात नाहीतर समुद्रात जातात.

आणि हो, कुणी ‘बीचवर स्वस्तात जमीन बघू का’ म्हणालं तर हसून विषय बदला, तिथली जमीन सहसा अख्ख्या कुळाची असते आणि परदेशी माणसाच्या नावावर पूर्ण मालकीने होतच नाही.