फेसबुकची पाळत कशी तोडावी, दाद कुठे मागावी

खडेबाजारातल्या दुकानाची साडी तुम्ही त्यांच्या वेबसाइटवर बघता आणि संध्याकाळी तीच फेसबुकवर समोर येते. तुमची ती भेट वेबसाइटनेच मेटाला, म्हणजे फेसबुकच्या मालक कंपनीला, कळवलेली असते. फेसबुकच्या सेटिंग्जमध्ये अकाउंट्स सेंटर उघडा, ‘तुमची माहिती आणि परवानग्या’ यात मेटाबाहेरच्या अ‍ॅक्टिव्हिटीचा पर्याय शोधा. बहुतेक जण जुनी नोंद पुसून थांबतात. लगेच नवी साठायला लागते. पुढची अ‍ॅक्टिव्हिटीही डिस्कनेक्ट करायलाच हवी. फेसबुकवरून लॉगिन केलेली अ‍ॅप्स त्यामुळे अडतात, तेव्हा आधी तिथे वेगळा पासवर्ड लावा. जाहिराती तेवढ्याच दिसतील, फक्त तुमच्या मागावरच्या कमी होतील.

अँड्रॉइडवर सेटिंग्ज, गूगल, जाहिराती असं जाऊन अ‍ॅडव्हर्टायझिंग आयडी, म्हणजे जाहिरातींसाठी तुमचा फोन ओळखणारा क्रमांक, डिलीट करा.

तक्रार कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे द्या, तारखेचा स्क्रीनशॉट ठेवा. २०२१ च्या आयटी नियमांनुसार पोच २४ तासांत आणि निकाल साधारणपणे ७ दिवसांत (फेब्रुवारी २०२६ च्या बदलाआधी १५) मिळायला हवा. नाही पटला तर ३० दिवसांत केंद्राच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन जा, फी नाही.

डेटा संरक्षण कायदा २०२३ चा, नियम नोव्हेंबर २०२५ चे. कंपन्यांवरची मुख्य बंधनं त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. संमतीची सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत मागता येईल. म्हणजे कर्नाटकातल्या निपाणी-खानापुरातही मराठीत, आणि ती मागाच. १८ वर्षांखालच्या मुलांवर पाळत ठेवायला तेव्हापासून मनाई असेल, दंड २०० कोटींपर्यंत. पण खात्यावर वय वाढवून टाकलं असेल तर हे संरक्षण मिळणं अवघड. मुलांची जन्मतारीख खरीच भरा.