इराणच्या खुर्चीत बसण्याआधी

रविवारी सकाळी दहाला बेळगावात आपल्या वाचनालयाच्या वरच्या खोलीत अमेरिका आणि इराण समोरासमोर बसणार आहेत, म्हणजे इराणच्या अणुकार्यक्रमावरच्या 2015 च्या व्हिएन्नातल्या वाटाघाटी आपण खेळून बघणार आहोत. चिठ्ठ्या टाकून बाजू ठरल्या तेव्हा इराण वाट्याला आलेल्यांची तोंडं उतरली होती. खानापूरच्या दोघीही त्यातच. पण नीट तयारी केलीत तर तीच खुर्ची जास्त रंगते. आठवडाभरात काय काय हाताखालून घालायचं ते लिहून देतोय. पाठ करू नका, ताडून बघा.

पहिलं काम म्हणजे जुन्या रागाची वही. आपल्या रागाची नाही, समोरच्याच्या. अमेरिकेच्या गटाने 1953 लिहायचं : इराणचे पंतप्रधान मोसद्देक यांचं निवडून आलेलं सरकार पाडण्यात अमेरिकेच्या सीआयए या गुप्तहेर संस्थेचा हात होता. तेहरानची पहिली संशोधन अणुभट्टी अमेरिकेनेच दिली होती, हेही त्याखाली. इराणच्या गटाने 1979 लिहायचं : तेहरानच्या अमेरिकी वकिलातीतले 52 जण 444 दिवस ओलीस. ज्याचा त्याचा राग ज्याला त्याला पाठच असतो. समोरच्याचा राग आपल्या हाताने लिहिताना मात्र पेन अडतं. खरं तर सीमाभागातल्या पोरांना हे शिकवायला नको. 1956 म्हटलं की आपल्या घरात काय सुरू होतं आणि शेजारच्या कानडी घरात काय, दोन्ही तुम्ही ऐकलेलं आहे की.

मग आकडे, युरेनियमच्या समृद्धीकरणाचे, म्हणजे त्यातला कामाचा वाटा किती टक्क्यांपर्यंत वाढवला याचे. इथे घाई करू नका, कारण मागच्या सरावात सगळे इथेच घसरले. 'साठ टक्के म्हणजे नव्वदपासून अजून लांब आहे' असं एकाने ठणकावून सांगितलं आणि कोणी हटकलंही नाही. सूप डोळ्यांसमोर आणा. निसर्गातल्या युरेनियमचे हजार दाणे त्यात आहेत आणि कामाचे, म्हणजे सहज फुटून ऊर्जा देणारे, फक्त सात. ते सात तसेच ठेवून बाकीचे पाखडून काढायचे. 2015 च्या करारातल्या 3.67 टक्क्यांपर्यंत यायला आठशेच्या वर दाणे बाहेर काढावे लागतात. वीस टक्के गाठेपर्यंत 965 गेलेले असतात, साठला 988 आणि बॉम्बच्या नव्वदला 992. म्हणजे साठवरून नव्वदला जायला चारच दाणे उरले. प्रत्यक्षात थोडे कामाचे दाणेही फोलाबरोबर जातात, पण हिशेबाचा कल हाच. प्रत्येकाने हे गणित घरी एकदा कागदावर करा, आजीला समजावून सांगा, तिला पटलं तर तुम्हाला कळलं.

कोणीतरी कैगाच्या अणुवीज केंद्राचं नाव काढेलच, शेजारच्या जिल्ह्यातलं आहे. कैगाच्या भट्ट्या जड पाण्याच्या जोरावर साध्या युरेनियमवर चालतात, समृद्धीकरण लागत नाही. मग इराणला कशाला हवं, असा प्रश्न अमेरिकेच्या गटाने जरूर विचारावा. पण जड पाण्याच्या वाटेने प्लुटोनियम मिळतं, त्याचाही बॉम्ब होतो, आणि म्हणूनच इराणमधल्या अराकच्या भट्टीचा गाभा काढून त्यात काँक्रीट भरायला लावलं होतं, हे उत्तर इराणच्या गटाच्या खिशात असू द्या. अण्वस्त्रप्रसारबंदी कराराचं चौथं कलमही त्यांनी सोबत आणावं. शांततेच्या कामासाठी अणुऊर्जेचा हक्क त्यात आहे, आणि इराणने त्या करारावर सही केलेली आहे.

प्रत्येक मागणीसमोर तिची किंमत लिहा. समृद्ध युरेनियमचा 300 किलोचा साठा, नतान्झच्या अणुकेंद्रात 5,060 सेंट्रिफ्यूज (म्हणजे समृद्धीकरणाची फिरती यंत्रं), निरीक्षकांना दार उघडं. बदल्यात कोणते निर्बंध, कधी उठणार? नुसती मागण्यांची यादी घेऊन येणाऱ्याला मी उठवणार आहे. तो मोर्चा झाला.

भाषेचं जपा. तालुका कचेरीतला कानडी कागद आपली माणसं कोणाकडून तरी वाचून घेतल्याशिवाय सही करत नाहीत. तीच सवय इथे. एप्रिल 2015 मध्ये स्वित्झर्लंडच्या लोझानला या कराराची चौकट ठरली, अमेरिकेने तिचा सारांश काढला, इराणने आपला वेगळा सांगितला, आणि लगेच वाद पेटला. म्हणून ठरलेलं प्रत्येक वाक्य दोन्ही गटांनी मोठ्याने वाचायचं. मसुदा पेन्सिलीने.

प्रत्येक गटातल्या एकाने समोर न बसता मागे बसायचं आणि फक्त शंका काढायच्या. हा आपला घरचा माणूस : अमेरिकेच्या गटात काँग्रेस, म्हणजे तिथली संसद, इराणच्या गटात तिथले सर्वोच्च नेते. घरी जाऊन काय सांगाल, हे त्याला पटवल्याशिवाय पुढचं कलम नाही. ओबामांनी सिनेटची मंजुरी घेऊन तह केला नव्हता, म्हणून 8 मे 2018 ला ट्रम्प यांना एका घोषणेत करारातून बाहेर पडता आलं. शिवाय समोरच्याच्या घरच्या माणसाचीही चिंता करा, त्याला दाखवायला काहीतरी हातात द्या.

मध्यस्थ मी. दोघांमधला निरोप्या झालेल्या ओमानसारखा, चहा माझ्याकडून.

आपण व्हिएन्ना 2015 खेळतोय, त्यामुळे जून 2025 मध्ये नतान्झ, फोर्दो, इस्फहान या इराणी अणुकेंद्रांवर पडलेले बॉम्ब मध्ये आणायचे नाहीत. त्यावर नंतर बोलू, तेही भरपूर. वेळेचं मात्र पक्कं : तिकडे 30 जूनची मुदत लांबत 14 जुलैवर गेली, आपण चारला उठायचं, करार होवो न होवो. खानापूरच्या दोघींची गाडी चुकते.