रग्बीचा संघ निवडताना वाद कुठून सुरू करावा

मोठ्या आंतरराष्ट्रीय सामन्याआधी चर्चा बहुधा दहा नंबरच्या जर्सीवरून, म्हणजे खेळ चालवणाऱ्या फ्लायहाफवरून पेटते. आपण उलट बाजूने, म्हणजे बाकावरून (राखीव खेळाडूंपासून) सुरुवात करावी.

कागदावर 1 ते 23 आकडे लिहा. पहिले 15 मैदानात, उरलेले 8 राखीव. त्यांतल्या तीन जागा आधीच गेल्या: स्क्रमच्या, म्हणजे दोन्ही संघांच्या फॉरवर्डांनी एकमेकांना भिडून रेटण्याच्या, पहिल्या रांगेतल्या दोन्ही प्रॉप आणि मधल्या हुकर यांना प्रशिक्षित पर्याय लागतोच. नाहीतर एखादी दुखापत होते आणि स्क्रम बिनजोराची, म्हणजे रेटारेटीविना, होऊन बसते. म्हणजे खरा वाद पाच जागांचा.

आठ राखीवांत पाच फॉरवर्ड (स्क्रममध्ये रेटणारे, 1 ते 8 नंबरचे), तीन बॅक (मागून धावणारे, 9 ते 15 नंबरचे) ही नेहमीची विभागणी; त्या पाचांत पहिल्या रांगेचे तिघे आलेच. सहा-दोन हवी असेल तर एका प्रश्नाचं उत्तर तयार ठेवा: विसाव्या मिनिटाला स्क्रमहाफ (नऊ नंबर) आणि विंगर (कडेने धावणारा) दोघेही बाहेर गेले तर त्यांच्या जागी कोण? सेंटर (मधल्या बॅकची जागा), विंग, फुलबॅक (सगळ्यांत मागची जागा) अशा दोन-तीन जागा सांभाळणारा गडी नसेल तर सहा-दोनचा हट्ट सोडा.

2023 च्या विश्वचषक अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिका सात-एक घेऊन उतरली. हुकर बोंगी एम्बोनाम्बी सुरुवातीच्या मिनिटांतच जखमी झाला आणि उरलेला जवळपास सगळा सामना डिऑन फूरीने काढला. फूरी फ्लँकर (स्क्रमच्या कडेचा फॉरवर्ड) म्हणूनही खेळणारा, त्यामुळे लाइनआउटला, म्हणजे हुकर बाहेरून चेंडू आत फेकतो तिथे, त्रास झाला. सामना 12-11 असा जिंकला, पण निकालावरून निवड बरोबर ठरवू नका.

आता दहा नंबरवर भांडा. फक्त किकिंगची टक्केवारी पुढे करू नका. त्याच्या शेजारच्या नऊ (स्क्रमहाफ) आणि बारा (सेंटर) नंबरसकट तिघांची नावं एकत्र मांडा.