पक्ष्यांच्या हद्दीच्या भांडणात नाक खुपसू नका : या चुका टाळा

मार्च लागला की नागपुरात कुलर धुवायला निघतात आणि त्याच सुमारास दयाळ पक्ष्याचा नर भल्या पहाटे गळा मोकळा करू लागतो. मग माझ्या मोबाइलवर व्हिडिओ यायला लागतात. "पाहा ना, पक्षी गाडीच्या आरशाशी खेळून राहिला!" खेळून नाही राहिला, बाप्पा. भांडून राहिला. आणि हे भांडण तुम्हीच लावून दिलं आहे.

आरशाचा हा प्रकार मी इतक्यांदा समजावून सांगितला आहे की आता चिडचिड होते. विणीच्या दिवसांत, म्हणजे साधारण मार्च ते जुलै, दयाळ नराला आपल्या हद्दीत दुसरा नर खपत नाही. समोर खरा नर असता तर थोडं गाणं, थोडी शेपटी उभारणं, एखादी झडप, आणि दोघांपैकी एकानं काढता पाय घेतला असता. आरशातला नर पळतच नाही. हा जितक्या त्वेषानं जातो तितक्याच त्वेषानं तोही येतो.

आमच्या लेआऊटमधल्या एका निवृत्त काकांनी नवी गाडी घेतली आणि ती आवारातल्या कडुलिंबाखाली उभी करू लागले. तिथल्या दयाळानं उजव्या बाजूचा आरसा धरला. आधी चोच, मग दोन्ही पाय, मग पंखांची फडफड. दमला की आरशावर बसायचा, मान वाकवून आरशाच्या मागे डोकावायचा, तिथे कोणी नाही म्हणून परत समोर यायचा. दार पांढऱ्या ओघळांनी भरलं. काकांना आधी कौतुक. नातेवाइकांना बोलावून दाखवायचे. मग रंगाची काळजी लागली, तशी आरशाला रबरी साप बांधला. दयाळानं सापाच्या डोक्यावर बसून आरशाला टोचा मारल्या. इकडे कुंपणाच्या भिंतीतल्या भोकात पिल्लं, आणि मादी एकटीच अळ्या आणून बेजार. शेवटी काकूंनी काकांचे जुने मोजे आणले, दोन्ही आरशांवर चढवले आणि विषय संपवला. मीही हेच सांगतो: गाडी उभी केली की आरशाला मोजा किंवा कापडी पिशवी. खिडकीची काच असेल तर ती बाहेरून झाका, वर्तमानपत्र चिकटवा किंवा साबणाचं दाट पाणी फासा. आतून पडदा ओढून फारसं काही होत नाही. चीरक, बुलबुल, शिंजीर, सगळ्यांना हाच उपाय.

दुसरी चूक मोबाइलवर आवाज लावण्याची. हिच्यावर माझा राग जास्त, कारण आरसा निदान अजाणतेपणी लागतो. कॅमेरा नवा, लेन्स हातभर लांब आणि धीर चिमूटभर. ओळखीचा एक मुलगा छोटा स्पीकर घेऊनच आला होता. "काका, दोन मिन्टात समोर येते पाहा." आलाच. येणारच की, घरात कोणी घुसल्यावर मालक येणार नाही का? फोटो झाला, मुलगा खूश. दयाळ मात्र नंतर बराच वेळ या फांदीवरून त्या फांदीवर त्या न दिसणाऱ्या नराला शोधत होता. चारा नाही, पिल्लांकडे लक्ष नाही. आणि ज्याला भांडण पाहायचं आहे त्याच्या हाती काय लागलं? एक चिडलेला पक्षी. हद्द कुठून कुठवर, शेजारचा नर कोण, कोणाला कुठे नमतं घ्यावं लागतं, यातलं काहीही नाही.

हे सगळं फुकट कळतं, फक्त बसावं लागतं. मी उजाडायच्या आधी खुर्ची टाकतो, चहा घेतो आणि कागदावर आवाराचा ओबडधोबड नकाशा काढतो. नर जिथून गातो तिथे फुली: पाण्याची टाकी, विजेचा खांब, शेवग्याचा शेंडा. पाठलाग करताना जिथून तो मागे फिरतो तिथे रेघ. थोड्याच दिवसांत कुंपण सोडून भलतीकडूनच गेलेली एक हद्द कागदावर उमटते. खरी मारामारी क्वचितच होते. बहुतेक तंटे गाण्यावर आणि शेपटीवर मिटतात. ऊन चढल्यावर गच्चीवर येऊन "काहीच दिसत नाही" म्हणणाऱ्यांना माझ्याकडे उत्तर नाही.

बाकीच्या चुका पटापट सांगतो.

प्रत्येक पाठलाग हद्दीसाठी नसतो. कावळे कोकिळेमागे लागतात तो अंड्यांचा मामला आहे. कोतवाल घारीला टोचून पळवतो तो घरट्याच्या राखणीसाठी.

सातभाई एकमेकांवर लोळताना दिसले की लगेच युद्ध जाहीर करू नका. एकाच थव्यातली ती बहुतेक मस्ती असते. दोन थवे समोरासमोर येऊन कलकलाट करू लागले, तर ते भांडण.

सातभाई पिसाळले म्हणजे शिक्रा, म्हणजे छोटा शिकारी पक्षीच आला असंही नाही. कोकिळेच्या गोत्रातला पावशा हुबेहूब तसाच दिसतो, आणि तो सातभाईंच्याच घरट्यात अंडी घालतो. चोच पाहा: शिक्र्याची आकड्यासारखी, पावशाची साधी.

विणीनंतर शिंजीर नराचा जांभळा झगा उतरतो. गळ्यावर काळा पट्टा असलेली "मादी" ही मादी नव्हे, तो नरच.

शेव-फरसाण टाकून जमवलेली गर्दी म्हणजे पंगतीतली ढकलाढकली. तिला हद्दीचं भांडण म्हणू नका, आणि शेव तर टाकूच नका. पाणी ठेवा, पण एकाच मोठ्या भांड्याऐवजी उथळ परळ लांब लांब ठेवा, म्हणजे एकच दांडगा साऱ्यांना हाकलणार नाही.

घरटं जवळून पाहायला शिडी लावू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं पक्ष्यांची अंडी-घरटी छेडणं शिकारीत धरलं आहे.

आणि भांडणात खाली आलेलं प्रत्येक पिल्लू उचलून खोक्यात घालू नका. पिसं फुटलेलं, टुणटुण उड्या मारणारं असेल तर आईबाप आसपासच असतात. मांजर हाकला आणि बाजूला व्हा. रक्त दिसलं किंवा पंख लोंबकळत असला, तरच नागपुरातल्या सेमिनरी हिल्सच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरला, म्हणजे जखमी वन्यजीवांच्या उपचार केंद्राला न्या.