लोखंडाच्या दुकानाचे व्यापार खाते: गंज, वजन आणि अखेरचा मालसाठा

किराणा दुकानदाराला मार्चअखेर मालाची मोजदाद करताना पोती मोजून चालते. लोखंडाच्या दुकानदाराला तेवढ्यावर भागवता येत नाही, कारण त्याचा माल गोदामात पडल्या पडल्या बदलत असतो आणि तो बदल वजनकाट्यावर उलटा दिसतो. गंजलेला माल वजनाला वाढतो आणि किमतीला उतरतो. सांगलीतील लोखंडाच्या एका लहान दुकानाचे हिशेब मी काही वर्षे लिहीत आहे. तेथे पहिल्याच वर्षी बायंडिंग तारेच्या २५ किलोच्या एका जुन्या बंडलाचे वजन २५ किलो ६०० ग्रॅमच्या आसपास भरले. काट्यात दोष आहे असे समजून मी तेच वजन तीनदा केले आणि शेवटी वाढीव वजनानेच साठा लिहिला. ती चूक होती. ती कशी झाली हे समजण्यासाठी लोखंडाचे थोडे रसायनशास्त्र आधी पाहावे लागते.

लोह हा २६ अणुक्रमांकाचा धातू असून त्याचे अणुवस्तुमान सुमारे ५६ आहे. निसर्गात तो बहुतेक वेळा ऑक्सिजनशी जोडलेल्या अवस्थेत, म्हणजे खनिजाच्या रूपात सापडतो. झोतभट्टीत कार्बन मोनॉक्साइडच्या साहाय्याने त्यातील ऑक्सिजन काढून घेतला की लोखंड हाती येते. गंजणे म्हणजे लोखंडाने आपल्या मूळ अवस्थेकडे परत जाणे. त्यासाठी पाणी आणि ऑक्सिजन या दोन्ही गोष्टी लागतात. कोरड्या हवेत सळी गंजत नाही आणि उकळून हवा काढलेल्या, वर तेलाचा थर दिलेल्या पाण्यात खिळाही सहसा गंजत नाही. पाण्यात क्षार असतील तर ते विजेचे अधिक चांगले वाहक होते आणि गंजण्याचा वेग वाढतो.

हे प्रत्यक्ष पाहायचे असेल तर घासून स्वच्छ केलेल्या पत्र्याच्या तुकड्यावर पाण्याचा एक थेंब ठेवून त्याचे निरीक्षण करावे. थेंबाच्या कडेला हवेतील ऑक्सिजन सहज पोचतो, मध्यभागी तो कमी पडतो. मध्यभागी लोहाचे अणू इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात उतरतात, ते इलेक्ट्रॉन धातूमधून कडेकडे जातात आणि तेथे पाणी व ऑक्सिजन ते स्वीकारतात. त्यामुळे खड्डा पडतो मध्यभागी आणि तांबडे कडे उमटते त्याच्या भोवती. गोदामातील थप्पीतही नेमके हेच होते. दोन सळ्या एकमेकींना टेकतात त्या फटीत पाणी साचून राहते, तेथे ऑक्सिजन कमी पोचतो आणि वरून बरी दिसणारी थप्पी आतून खड्डे धरते. म्हणून साठा तपासताना वरची रांग पाहून समाधान मानू नये, मधल्या दोन-तीन सळ्या ओढून काढाव्यात.

आता वजनाचा हिशेब पाहू. गंजातील कोरड्या ऑक्साइडमध्ये लोहाचे दोन अणू आणि ऑक्सिजनचे तीन अणू असतात. लोहाचे ११२ भाग आणि ऑक्सिजनचे ४८ भाग मिळून १६० भाग होतात, म्हणजे १ किलो लोखंडाचा सुमारे १ किलो ४३० ग्रॅम ऑक्साइड तयार होतो. गंजात पाण्याचा अंशही असतो, आणि एका लोहाच्या अणूमागे ऑक्सिजनचे दोन व हायड्रोजनचा एक अणू धरला तर ५६ भागांचे ८९ भाग होतात, म्हणजे किलोमागे सुमारे १ किलो ५९० ग्रॅम. आमच्या तारेच्या बंडलातील जेमतेम १ किलो लोखंड गंजले होते आणि गंज अजून तारेला चिकटून होता, म्हणून २५ किलोचे २५ किलो ६०० ग्रॅम झाले. तेच बंडल झटकून पापुद्रे पाडले असते, तर वजन २४ किलोवर आले असते. त्याच मालाची दोन वजने निघतात आणि दोन्ही वजनांना खरेदीचा भाव लावणे चूक ठरते. वाढीव वजनावर आपण साठ्यात हवेतल्या ऑक्सिजनचे पैसे धरतो, एवढेच.

यावरून प्रत्येक तांबड्या सळीची किंमत उतरवावी असा अर्थ मात्र काढू नये. पृष्ठभागावर नुसती तांबूस झाक असलेली टीएमटी सळी बांधकामाला चालते. काँक्रीट अल्कधर्मी असल्यामुळे त्यात सळीवर संरक्षक थर तयार होतो, आणि बांधकामाच्या नियमांचा रोख सुटणाऱ्या, पापुद्र्यासारख्या गंजावर असतो. नव्या सळीवरील निळसर काळी पपडी ही तर गिरणीतच तापलेल्या लोखंडावर धरलेली ऑक्साइडची साय असते. तिला गंज समजून किंमत उतरवणारे दुकानदारही मी पाहिले आहेत. जीआय पत्र्याची गोष्ट वेगळी आहे. त्यावरील जस्ताचा थर लोखंडाच्या आधी स्वतः झिजतो, पण ओले पत्रे एकावर एक रचून ठेवले की मधल्या बाजूंना पांढरी भुकटी धरते. हा पांढरा गंज जस्ताचा असतो, लोखंडाचा नसतो. तरी गिऱ्हाईक तो पत्रा नव्या भावाने घेत नाही आणि हिशेबाला तेवढे पुरेसे आहे.

मोजदादीच्या दिवशी म्हणून मालाचे तीन ढीग मनात ठेवावेत: जसाच्या तसा विकला जाणारा, घासून-पुसून कमी भावाने जाणारा आणि भंगारात जाणारा. पहिल्या ढिगाची किंमत खरेदीच्या भावाने धरावी, मात्र त्या भावात जीएसटी वगळलेले बिल अधिक गाडीभाडे अधिक उतराईची हमाली एवढे सगळे यावे. जालन्याहून गाडी आली आणि साठ्याला नुसता बिलाचा दर लावला, तर भाड्याचा तेवढा हिस्सा या वर्षाच्या नफ्यातून नाहक वजा होतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या ढिगासाठी लेखामानकाचा, म्हणजे हिशेब लिहिण्याच्या ठरलेल्या नियमावलीचा, नियम असा आहे की खरेदी किंमत आणि विकून निव्वळ हाती येणारी रक्कम यांपैकी जी कमी असेल ती धरावी. हा नियम प्रकारवार लावावा. खिळ्यांचा भाव चढला म्हणून अँगलची घट त्यात जिरवून टाकू नये.

वजनात आणखी एक फट असते, तिचा गंजाशी संबंध नाही. सळीचे मीटरमागे वजन काढण्यासाठी मिलिमीटरमधील व्यासाचा वर्ग करून त्याला १६२ ने भागतात. १२ मिलिमीटरच्या सळीचे वजन मीटरला सुमारे ८९० ग्रॅम येते आणि १२ मीटरच्या नगाचे १० किलो ६७० ग्रॅमच्या आसपास. भारतीय मानकानुसार या जाडीच्या मालाच्या खेपेत ५ टक्क्यांपर्यंत कमी-जास्त चालते. खरेदी काट्यावर आणि विक्री नगावर होत असेल, तर हा फरक वर्षभर साचत जातो आणि मार्चअखेर साठ्यात उगाच तूट किंवा वाढ दिसते. ती गंजाच्या नावावर टाकण्यापूर्वी काटा पावत्या आणि विक्रीच्या नगांची नोंद समोरासमोर ठेवून पाहावी. माझ्या अनुभवात निम्मे घोळ येथेच सुटतात.

आता प्रत्यक्ष व्यापार खाते, म्हणजे खरेदी-विक्री आणि साठा यांतून ढोबळ नफा (दुकानाचा इतर खर्च वजा करण्याआधीचा नफा) काढणारे खाते. सोयीसाठी कल्पित आकडे घेऊ. तेरीज पत्रकात (सर्व खात्यांच्या शिलकांच्या यादीत) प्रारंभीचा मालसाठा ४,२०,००० रुपये, खरेदी २६,५०,०००, खरेदी परत ५०,०००, आवक गाडीभाडे ३८,०००, उतराईची हमाली २२,०००, विक्री ३०,१०,००० आणि विक्री परत ३०,००० आहे. मालकांनी घरच्या गोठ्यासाठी २०,००० रुपये खरेदी किमतीचे अँगल नेले, ते खरेदीतून वजा करून त्यांच्या उचल खात्याला नावे टाकायचे. अखेरच्या साठ्यात ४,५०,००० रुपयांचा चांगला माल आहे आणि त्याशिवाय खरेदीला ६० रुपये किलोने पडलेल्या १,००० किलो गंजलेल्या सळ्या आहेत. त्या ब्रशने घासून ३८ रुपये किलोने जातील आणि घासण्याला व पोचवण्याला ३,००० रुपये लागतील असा अंदाज आहे, म्हणजे हाती ३५,००० रुपये येतील. ही रक्कम ६०,००० पेक्षा कमी असल्यामुळे तीच धरायची आणि अखेरचा साठा ४,८५,००० रुपये लिहायचा.

नावे बाजू
प्रारंभीचा मालसाठा: ४,२०,०००
खरेदी (परत माल आणि उचल वजा जाता): २५,८०,०००
आवक गाडीभाडे: ३८,०००
हमाली: २२,०००
ढोबळ नफा (नफा-तोटा खात्याला नेला): ४,०५,०००
एकूण: ३४,६५,०००

जमा बाजू
विक्री (परत माल वजा जाता): २९,८०,०००
अखेरचा मालसाठा: ४,८५,०००
एकूण: ३४,६५,०००

निव्वळ विक्रीवर ढोबळ नफ्याचे प्रमाण सुमारे १३.६ टक्के येते. गंजलेल्या सळ्या ६०,००० रुपयांनाच धरल्या असत्या, तर ढोबळ नफा ४,३०,००० आणि प्रमाण १४.४ टक्के दिसले असते. त्या २५,००० रुपयांच्या न झालेल्या नफ्यावर यंदा कर भरला असता आणि पुढच्या वर्षी त्या सळ्या विकताना तोटा का आला याचे कोडे पडले असते.

दुकानाचे भाडे, नोकरांचा पगार, वीजबिल आणि गिऱ्हाइकाच्या साइटवर माल पोचवण्याचे जावक गाडीभाडे या खात्यात येत नाही, ते पुढे नफा-तोटा खात्यात जाते. आवक आणि जावक भाडे एकाच टेंपोवाल्याला एकाच पावतीवर दिले जाते तेथे गोंधळ होतो, म्हणून पावतीमागे खेप कोणती ते त्याच दिवशी लिहून ठेवावे. ३० मार्चच्या बिलाचा माल २ एप्रिलला उतरला असेल आणि मालाची मालकी आपल्याकडे आलेली असेल, तर खरेदी आणि अखेरचा साठा या दोन्हींत तो वाटेवरचा माल म्हणून घ्यावा. एकातच घेतला तर खाते बिघडते.

गोदामातील नेहमीची घट आणि पुराचे नुकसान यांची नोंद मात्र एकसारखी करायची नाही. कापाकापीतील तुकडे, पापुद्रे गळून झालेली थोडी तूट हा धंद्याचाच भाग आहे. तिची वेगळी नोंद होत नाही, उरलेल्या मालाची किलोमागची किंमत तेवढी वाढते आणि तुकडे विकून आलेले पैसे विक्रीत भंगार विक्री म्हणून वेगळे दाखवता येतात. कृष्णेचा पूर ही निराळी बाब आहे. २००५, २०१९ आणि २०२१ साली सांगलीच्या बाजारपेठेत पाणी शिरले. आयर्विन पुलाजवळची पातळी ४५ फुटांच्या धोक्याच्या खुणेकडे सरकू लागली की गणपती पेठेतला व्यापारी माल वर चढवू लागतो, पण लोखंड वर चढवणार तरी किती. पाणी ओसरल्यावर गाळ चिकटलेले ओले लोखंड झपाट्याने गंजते, त्यामुळे पहिल्या एक-दोन दिवसांत धुऊन, वाळवून, तेलाचा हात फिरवलेला मालच पुढे काही भावाने जातो.

समजा, १,००,००० रुपये खरेदी किमतीचा माल पूर्ण निकामी झाला आणि विमा कंपनीने ७०,००० रुपयांचा दावा मान्य केला. अशा वेळी व्यापार खात्याच्या जमा बाजूला पुरात गेलेला माल म्हणून पूर्ण १,००,००० लिहावेत, विमा कंपनी ७०,००० रुपयांना नावे टाकावी आणि ३०,००० रुपये नफा-तोटा खात्याच्या नावे बाजूला न्यावेत. असे केले नाही तर पुराचा भार ढोबळ नफ्यावर पडतो आणि मागील वर्षाशी तुलना करताना दुकानदाराने स्वस्तात माल विकला असे वाटू लागते. नष्ट झालेल्या किंवा हिशेबातून काढून टाकलेल्या मालावर घेतलेली जीएसटीची वजावट परत करावी लागते. घरी नेलेल्या अँगललाही तोच नियम आहे. लोखंडावर १८ टक्के कर असल्यामुळे ही रक्कम लहान नसते आणि वजावट परत केल्यावर ती नुकसानीच्या आकड्यात मिळवावी लागते, म्हणून ही नोंद करसल्लागाराला विचारूनच करावी.

मोजदादीची वही साधी असली तरी चालेल, पण प्रत्येक ओळीत मालाचा प्रकार, खरेदीची तारीख, बिलातील वजन, आजचे वजन, अवस्था आणि धरलेला भाव हे सहा रकाने असावेत. बिलातील वजन आणि आजचे वजन शेजारी शेजारी असले की गंज आपोआप उघडा पडतो. आजचे वजन जास्त भरले तर किंमत बिलातील वजनापलीकडे नेऊ नये. कमी भरले तर कमीचेच वजन घ्यावे. लक्ष्मीपूजनाला कोणी वही पुजत असला तरी हिशेबी वर्ष ३१ मार्चलाच संपते, आणि १ एप्रिलच्या पहिल्या नोंदीत हाच उतरवलेला ४,८५,००० रुपयांचा आकडा प्रारंभीचा मालसाठा म्हणून पुढे येतो.