पाटी वाचून झाड ओळखू नका: कोकोच्या संग्रहातल्या या चुका टाळा

कोकोच्या बागेत नवी मुलं आली की पहिल्याच दिवशी वही काढून पाट्यांवरचे नंबर उतरवायला लागतात. मान वर करून झाडाकडे कुणी बघत नाही. पूर्वी मी ओरडायचो. आता गप्प बसतो, कारण हेच शहाणपण मीही करून बसलोय.

कोकणात एका नारळी-पोफळीच्या बागेत आमचा कोकोचा छोटा संग्रह होता. फळकुजीला तग धरणारी रोपं हवी होती, म्हणून परागकणांसाठी एससीए-6 निवडलं. संशोधक पाउंड यांनी 1930 च्या दशकाच्या अखेरीस अमेझॉनच्या वरच्या खोऱ्यातून गोळा केलेल्या कोकोतलं हे नावाजलेलं वाण. दोन हंगाम मी पहाटे उठून त्या झाडाची फुलं खुडली, दुसऱ्या झाडांवर पराग लावले, दोरे बांधले, रोपं वाढवली. एक दिवस तिथले म्हातारे गडी पाइप ओढता ओढता थांबले आणि म्हणाले, "सायबानू, कलमाचो सांधो खंय?"

वाकून बघितलं. वरचं कलम कधीच वाळून गेलं होतं आणि सांध्याखालून फुटलेला खुंटाचा, म्हणजे ज्या रोपावर कलम बांधतात त्याचा, धुमारा ऐटीत झाड होऊन बसला होता. पाटी तेवढी जागेवर. एससीए-6 ची फळं लहान, बियाही बारीक. आमच्या झाडाला चांगली दांडगी फळं लागत होती आणि मी जमिनीचं कौतुक करत होतो! दोन हंगाम एका बेनाम खुंटाचा वंश वाढवला.

तेव्हापासून पावसाळ्याआधी मी प्रत्येक झाडापाशी गुडघे टेकतो. सांधा शोधायचा, खालचे फुटवे मुळापासून काढायचे, सांध्याच्या वर रंगाचा पट्टा मारायचा. फळ फोडून बी नोंदीशी ताडून बघायचं. संकरासाठी झाड वापरायचं असेल तर आधी पानाची डीएनए तपासणी. महाग पडते म्हणणाऱ्यांनी दोन हंगामांची मजुरी मोजावी. अशी चुकीच्या नावाची झाडं जगातल्या मोठ्या संग्रहांतही सापडली आहेत, तुमची बाग काही वेगळी नाही.

दुसरी चूक फ्रिजची. कोकोचं बी म्हणजे भात नव्हे. सुकवलं तरी मरतं, गारठवलं तरी मरतं. म्हणून तर त्रिनिदादच्या जनुकपेढीत सुमारे 2,400 नमुने उभ्या झाडांच्या रूपात सांभाळावे लागतात. एका उत्साही पोराने दूरवरून आणलेली फळं फोडून बिया धुतल्या आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवल्या, "ताज्या राहाव्यात" म्हणून. एकही उगवली नाही. मी फळ न फोडताच सावलीत आणतो आणि बागेत पोचल्यावर त्याच दिवशी पेरतो.

क्रिओलो, फोरास्टेरो, त्रिनितारिओ या कोकोच्या जुन्या ठोकळ प्रकारांच्या तीन डब्यांत संग्रह भरणाऱ्यांबद्दल काय बोलावं? 2008 मध्ये संशोधक मोतामायोर आणि सहकाऱ्यांनी जनुकीय तपासणीतून दहा गट दाखवले. त्यांतले नानाय, इक्विटोस, पुरुस, कुराराय हे सगळे एकाच 'फोरास्टेरो'त कोंबले, की आपल्याकडे वैविध्य भरपूर आहे असं वाटतं आणि प्रत्यक्षात एकाच गोतावळ्यातली झाडं पुन्हा पुन्हा लावली जातात.

चांगल्या झाडाचं बी पेरून 'तेच वाण' म्हणू नका. कलम करा.

पराग लावायच्या आदल्या दुपारी कळी झाकली नसेल तर तो संकर तुमचा नाही, फुलांवर पराग नेणाऱ्या चिलटांचा.

एका नमुन्याचं एकच झाड ठेवू नका. वादळ पाटी वाचत नाही.

आणि परदेशातून सामानात लपवून कलमाची काडी आणू नका. पश्चिम आफ्रिकेतला फांद्या सुजवणारा विषाणू काडीत लक्षणांशिवाय लपून येऊ शकतो, म्हणून इंग्लंडमध्ये रेडिंगला कोकोची झाडं वर्ष-दोन वर्षं विलगीकरणात ठेवून मगच पुढे पाठवतात. "एवढीशी काडी, काय होतंय?" म्हणणाऱ्याला मी फाटकाच्या आत घेत नाही.