गोव्यात पक्षीनिरीक्षणाची सहल कशी करावी: आधी पाणथळ, मग रान

पक्षी पाहायला पहिल्यांदाच गोव्यात निघालेल्यांना माझं एक आग्रहाचं सांगणं असतं: आधी पाणथळ करा, रान नंतर. बहुतेक जण नेमकं उलटं करतात. धनेश आणि कर्णा हे रानातले पक्षी पाहण्याच्या ओढीनं थेट मोल्याचं जंगल गाठतात, दोन तास माना वर करून फिरतात आणि हलणारी पानं पाहून परततात. तळ्यावर पक्षी उघड्यावर असतो आणि बराच वेळ एका जागी असतो. डोळ्याला आणि दुर्बिणीला वळण लागतं ते तिथे. सदाहरित रानात पक्षी आधी ऐकू येतो आणि मग दिसला तर क्षणभर दिसतो. त्या क्षणापर्यंत हात तयार झालेला हवा.

करमळीचं तळं, झुआरीकाठची होडीतून पाहायची कांदळवनं आणि सह्याद्रीच्या पायथ्याचं तांबडी सुर्ला एवढं तीन-चार दिवसांत, धावपळ न करता होतं.

१. दिवस ठरवताना भरती-ओहोटी पाहा

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ उत्तम. उत्तरेकडची बदकं आणि चिखलपायी पक्षी तेव्हा तळ्यांवर असतात आणि रानात नवरंग हिवाळ्याला आलेला असतो. पुढे धनेशाची मादी ढोलीत स्वतःला कोंडून घेते, त्यामुळे जोडीनं उडणारे धनेश कमी दिसतात. तिबोटी खंड्यासाठी मात्र पावसाळाच हवा. तो जूनच्या सुमारास विणीला येतो, पण ती सहल वेगळी आणि नवख्यांनी लगेच करू नये अशी.

भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. ओहोटीला चिखल उघडा पडतो, त्यावर तुतवार, बगळे आणि मगरी येतात. पूर्ण भरतीला होडी आतल्या अरुंद फाट्यांत शिरू शकते. मला उतरतं पाणी जास्त आवडतं, कारण भरतीत आत जाता येतं आणि परतताना चिखल दिसू लागतो. सकाळी पाणी उतरत असेल असा दिवस आधी होडीसाठी पक्का करा. बाकीचे दिवस त्याच्या मागेपुढे बसवा.

२. मार्गदर्शक निवडा

फोनवर तीन गोष्टी विचारा. एका गटात किती जण असतात? सहाच्या वर असतील तर रानवाटेवर मागच्याला काहीच दिसत नाही. दुसरं, अभयारण्याची परवानगी आणि तिकिटं कोण काढतं आणि आत किती वाजता सोडतात? जंगलातली खरी वेळ उजाडल्यापासूनचे पहिले दोन-अडीच तास. ते फाटकावर गेले तर दिवस गेला.

तिसरा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा: पक्षी बोलावण्यासाठी तुम्ही मोबाइलवर त्याचा आवाज लावता का? नराला वाटतं आपल्या हद्दीत दुसरा नर शिरला. खाणं सोडून, कधी घरटं सोडून तो भांडायला येतो. हंगामात रोज नवा गट त्याच झाडाखाली उभा राहून हेच करत असेल तर त्या पक्ष्याचे काय हाल होत असतील? ‘आवाज लावत नाही, थांबतो’ असं सांगणारा मार्गदर्शक घ्या. एखादा पक्षी कमी दिसेल. चालेल.

३. दुर्बीण आणि कपडे

८×४२ ची दुर्बीण घ्या. आठ म्हणजे कितीपट मोठं दिसतं ते, बेचाळीस म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. १०×४२ जास्त मोठं दाखवते, पण तिच्यात जागा कमी दिसते, हात थरथरलेला जास्त जाणवतो आणि दाट सावलीत चित्र अंधारतं.

दुर्बीण घरीच जुळवून ठेवा. उजवं भिंग हातानं झाका, दूरच्या पाटीवरची अक्षरं डाव्या डोळ्याला ठसठशीत होईपर्यंत मधलं चाक फिरवा. मग डावं भिंग झाका आणि चाकाला हात न लावता उजव्या डोळ्याकडची कडी फिरवून तीच अक्षरं स्पष्ट करा. कडी कुठे आली ते लक्षात ठेवा, यापुढे फक्त मधलं चाक वापरायचं. चष्मा असेल तर डोळ्यांकडच्या रबरी वाट्या आत दाबा.

आता सवय. पक्षी दिसला की नजर त्याच्यावरून न हलवता दुर्बीण डोळ्यांपर्यंत उचला. खाली पाहून दुर्बीण शोधली की पक्षी हरवलाच. ही सवय गच्चीवर कावळ्या-साळुंक्यांवर करून घ्यावी.

कपडे मळकट हिरवे किंवा खाकी, पूर्ण बाह्यांचे. पँट मोज्यांत खोचा. सत्तरी तालुक्यात आणि पलीकडे दोडामार्गात गोचिडींमुळे होणाऱ्या माकडतापाची लागण झालेली आहे आणि त्याचा काळ डिसेंबर ते मे, म्हणजे आपल्या सहलीचाच. उघड्या त्वचेवर कीटक दूर ठेवणारं तेल किंवा मलम लावा, पाचोळ्यावर बसू नका, मेलेल्या माकडाच्या आसपास जाऊ नका आणि संध्याकाळी अंग तपासून अंघोळ करा. परतल्यावर ताप आला तर डॉक्टरांना रानात गेल्याचं आवर्जून सांगा.

४. पहिली सकाळ: करमळी

कोकण रेल्वेनं आलात तर करमळी स्थानकाला लागूनच हे तळं आहे. सूर्य पाठीशी येईल असे उभे राहा आणि पहिली दहा मिनिटं दुर्बीण गळ्यातच राहू द्या. कुठे हालचाल आहे, कुठे थवा बसलाय ते नुसत्या डोळ्यांनी पाहा. मग डाव्या टोकापासून उजवीकडे सावकाश सरका.

अडईंचे थवे उडताना बारीक शिट्ट्या घालतात. वनस्पतींवरून चालणारा कमळपक्षी लांबच लांब बोटांमुळे पटकन ओळखू येतो. जांभळी पाणकोंबडी आपल्या लाल चोचीसकट लपूच शकत नाही. एकच पक्षी निवडून पाच मिनिटं पाहा: चोच केवढी, पाय कोणत्या रंगाचे, शेपूट हलते का. सतत मागचा भाग खालीवर करत चिखलात फिरतो तो तुतवार. आकारापेक्षा ही लकब जास्त उपयोगी पडते. थवा मोजायचा तर आधी दहा पक्षी नीट मोजा, ते दहा केवढी जागा व्यापतात ते पाहा आणि त्या मापानं पुढे जा.

दक्षिण गोव्यात मुक्काम असेल तर कुडचड्याचं नंदा तळं गाठा. २०२२ मध्ये ते रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आलं, गोव्यातली ती पहिली जागा.

५. होडीतून कांदळवनात

होडी कुठ्ठाळीच्या धक्क्यावरून झुआरीत निघते आणि मांडवी-झुआरीला जोडणाऱ्या कुंभारजुव्याच्या कालव्यात शिरते. लाइफ जॅकेट घालून बसा, उभे राहू नका.

खंड्या पाहावेत ते इथेच. नेहमीचा पांढऱ्या गळ्याचा, पाण्यावर एका जागी फडफडत राहून सूर मारणारा कवड्या, तिसरा काळ्या टोपीचा, चौथा भल्या मोठ्या लाल चोचीचा आणि पाचवा गळ्याभोवती पांढरा पट्टा असलेला निळा खंड्या. हा शेवटचा कांदळवनातलाच. तिवरांच्या पाण्यावर वाकलेल्या फांद्या एकेक करून तपासा. वर ब्राह्मणी घारी असतात, नशीब असेल तर पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुडही. पक्ष्याच्या जवळ आल्यावर इंजिन बंद करून होडी वाहू द्यायला नावाड्याला आधीच सांगून ठेवा.

चिखलात पसरलेल्या मगरींकडे दुर्बिणीतूनच पाहा. मचूळ पाण्यात राहणाऱ्या या मगरींशी इथल्या शेतकऱ्यांचं नातं जुनं आहे. दुर्भाटला पौष अमावास्येला खाजनात चिखलाची मगर करून पुजतात, तिला माणगे थापणी म्हणतात. ज्यांची शेती खाऱ्या पाण्यापासून बांधानं राखलेली आहे, त्यांनीच जपलेली ही चाल आहे.

होडीचा दिवस साधला नाही तर रायबंदरहून फेरीबोटीनं चोडणला जा. तिथलं डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य १.७८ चौरस किलोमीटरचं, कांदळवनातून पायी फिरण्याचं.

६. तांबडी सुर्ला: आता कान लावा

पणजीहून सुमारे ६० किलोमीटरवर मोले आणि तिथून आत तांबडी सुर्ला. इथलं भगवान महावीर अभयारण्य साधारण २४० चौरस किलोमीटरचं आहे. सगळं रान सदाहरित नाही, ओढ्यांकाठी मात्र ते दाट होतं. कदंबकालीन महादेव मंदिराजवळ सहलीच्या बसगाड्या येण्याआधी पोचा.

इथे चालू नका, थांबा. पांढऱ्या गालाच्या तांबटाचं कुटूर-कुटूर अखंड चालू असतं, ते बाजूला काढून उरलेले आवाज ऐका. मार्गदर्शक घड्याळाच्या काट्यांवर जागा सांगतो: झाडाचा शेंडा म्हणजे बारा. ‘दहा वाजता, दुसरी आडवी फांदी, बुंध्यापासून हातभर’ असं ऐकलं की आधी झाड कोणतं ते पक्कं करा, मगच दुर्बीण उचला.

अर्धा तास काही नाही आणि एकाएकी सगळं झाड जिवंत होतं. हा मिश्र थवा. भृंगराज वरून ओरडत असतो, शेंड्यावर लाल नर आणि पिवळ्या माद्या असे निखार, बुंध्यावर उलटी उतरणारी शिलिंध्री, पाठीवर बदामाच्या आकाराचे काळे ठिपके असलेला छोटा सुतार, मधूनच नीलपरी. काळं डोकं, पिवळं पोट आणि गळा लालभडक असा बुलबुल दिसला तर तो गोव्याचा राज्यपक्षी. थव्यामागे धावू नका. एक पक्षी धरा, तो जाईपर्यंत सोडू नका, मग दुसरा. सगळे पाहायला जाल तर एकही नीट दिसणार नाही.

कर्णा वेगळा. तो ताठ बसतो, हलत नाही आणि चाहूल लागली की लाल पोट लपवून तपकिरी पाठ तुमच्याकडे करतो. मधल्या उंचीच्या उघड्या फांद्या शोधा.

धनेशांसाठी फळांनी लगडलेला वड किंवा उंबर गाठून बसावं. महाधनेश डोक्यावरून गेला तर पंखांचा घरघराट दिसण्याआधी ऐकू येतो, कारण त्याच्या पंखांतल्या मोठ्या पिसांची मुळं खालून झाकलेली नसतात आणि त्यांतून हवा सुटते.

७. बेडूकतोंड्यापाशी

श्रीलंका आणि पश्चिम घाटातच राहणारा हा पक्षी दिवसा जोडीनं, खालच्या फांदीवर वाळक्या पानांसारखा बसून असतो. मार्गदर्शकाला जागा माहीत असते आणि इथेच त्याची आणि तुमची परीक्षा. एकेकानं पुढे जा, फ्लॅश बंद, फांदी वाकवायची नाही, चारी बाजूंनी घेरायचं नाही. राखाडी नर आणि तांबूस मादी पाहिली, एक फोटो घेतला की मागे या. चोच वर करून ताठ झाला तर तो घाबरलाय, लगेच निघा.

८. रोजच्या रोज नोंद

पक्षी ओळखायला मदत करणारं मर्लिन आणि नोंदी ठेवण्याचं ई-बर्ड या अॅपची माहिती निघण्यापूर्वी फोनमध्ये उतरवून घ्या, मोल्यात नेटवर्कचा भरवसा नाही. मर्लिनने आवाजावरून सुचवलेलं नाव हा फक्त इशारा धरा, पक्षी पाहिल्याशिवाय किंवा मार्गदर्शकानं ओळखल्याशिवाय लिहू नका. प्रत्येक जागेची यादी वेगळी, त्यात सुरुवातीची वेळ, किती चाललात आणि प्रत्येक जातीची संख्या.

या नोंदींना मोल्यात विशेष मोल आहे. रेल्वेचा दुसरा मार्ग, महामार्गाचं रुंदीकरण आणि वीजवाहिनी यांवरून हे रान काही वर्षं वादात आहे. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं रेल्वेच्या दुसऱ्या मार्गाला मिळालेली वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली. अशा वेळी कोणत्या ओढ्याकाठी काय राहतं, हे कुणीतरी तारखेसकट लिहून ठेवलेलं लागतं.

बेडूकतोंड्याची आणि घरट्यांची नेमकी जागा मात्र यादीत, फोटोखाली किंवा व्हॉट्सअॅपच्या गटात टाकू नका. ‘मोले परिसर’ एवढं पुरे.